माइकने मोठा केलेला पियानो

17 मार्च 1830 रोजी वॉर्सात वीस वर्षांच्या संगीतकार शोपाँने आपला एफ मायनर कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, जाहीर मैफलीत वाजवला. दाद भरपूर मिळाली, पण कुरकुरही झाली: वादन फार नाजूक आहे, पियानो नीट ऐकू येत नाही. पाच दिवसांनी पुन्हा मैफल झाली तेव्हा त्याने स्वतःचा पियानो बाजूला ठेवला आणि जास्त दणकट आवाजाचा व्हिएन्ना बनावटीचा पियानो उसना आणला. ऑर्केस्ट्रापुढे पियानो कमी पडतो ही अडचण आजच्या संशोधकांनी शोधून काढलेली नाही. ती या रचनांच्या जन्मापासून त्यांच्यासोबत आहे.

आज त्याच रचना त्या काळच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित होतात तेव्हा अडचण अचानक नाहीशी झालेली असते. पियानोच्या पोटाशी दोन माइक उभे केले, मिक्सरवरचा खटका वर सरकवला, की लाकडी चौकटीचा पियानो सगळ्या ऑर्केस्ट्रावर आरामात बसतो. वेष्टनावर वाद्याचे साल, कारागिराचे नाव आणि जुन्या लाकडाचा देखणा फोटो असतो. ऐकणाऱ्याला वाटते, शोपाँच्या काळी असेच ऐकू येत असेल. तसे ते येत नव्हते, याची साक्ष त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रातच आहे.

अशा मुद्रणांना विरोध करण्याचे कारण नाही. ती आणखी व्हावीत. पण ती कशासाठी करायची हे आधी ठरले पाहिजे. जुन्या पियानोच्या वेगळ्या आवाजाचे अप्रूप दहा मिनिटांत ओसरते. टिकते ते प्रमाण, म्हणजे एका पियानोचे वजन आणि तीस-चाळीस वादकांचे वजन यांतला तोल. संगीतकाराने ऑर्केस्ट्राची सगळी मांडणी त्या तोलावर बेतलेली असते. तोच माइकने मोडायचा असेल, तर जुने वाद्य शोधण्याचा, ते सुरात ठेवण्याचा आणि तुटलेल्या तारा बदलत बसण्याचा सगळा खर्च पाण्यात गेला. हा पैसा बऱ्याचदा सार्वजनिक असतो. वॉर्सातली शोपाँ संस्था सरकारी आहे, आणि कितीतरी मोलाची वाद्ये सरकारी संग्रहालयांत आहेत. त्यामुळे हा वाद रसिकांच्या आवडीनिवडीपुरता उरत नाही.

तोल बिघडतो कुठे हे कळायला वाद्याच्या पोटात डोकवावे लागते. आजच्या मैफलीच्या पियानोत ओतीव लोखंडाची एकसंध चौकट असते आणि तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास जातो. खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरप्या ओढलेल्या असतात. मोठ्या पियानोतल्या या रचनेचे पेटंट स्टाइनवेने 1859 मध्ये घेतले. हातोड्यांवर दाबून बसवलेला जाड नमदा असतो. 1820-30 च्या सुमाराचा व्हिएन्नातला कॉनराड ग्राफचा पियानो याच्या आसपासही नाही. चौकट लाकडाची, तारा सगळ्या समांतर, हातोड्या छोट्या आणि त्यांवर चामड्याचे थर, पट्ट्या साडेसहा सप्तकांच्या. आज पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. तिथे त्याहून बरीच कमी. हातोडी पट्टीच्या मागच्या टोकावरच बसवलेली असल्यामुळे बोट आणि तार यांच्यात मध्यस्थ फारसे नाहीत.

याचा परिणाम असा की स्वर टोकदार उमटतो आणि लगेच विझू लागतो. वरच्या सप्तकात तर फारच लवकर. संथ भाग मग ओढून ताणून वाजवता येत नाही, कारण पुढचा स्वर यायच्या आत मागचा संपलेला असतो. शोपाँने घातलेल्या पेडलच्या लांब खुणा आजच्या पियानोवर जशाच्या तशा पाळल्या तर सुरांचा चिखल होतो. म्हणून वादक पाय अर्धवट उचलतात आणि खुणा संगीतकाराच्या निष्काळजीपणावर ढकलतात. विझणाऱ्या तारांवर त्याच खुणा स्वच्छ वाजतात. आणखी एक बारकावा: ग्राफच्या पियानोवर पट्ट्यांची ओळ सरकवून हातोडी तीनपैकी खरोखर एकाच तारेवर आणता येते. आजच्या पियानोवर ‘एक तार’ हे नाव तेवढे राहिले आहे. हातोडी दोन तारांवर पडतच राहते.

पॅरिसची परंपरा वेगळी. एरार या पियानो बनवणाऱ्या पेढीने 1821 मध्ये अशी यंत्रणा आणली की पट्टी पूर्ण वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजतो. तिच्यामुळे जलद पुनरावृत्ती सोपी झाली आणि हातोडी जड करायला वाव मिळाला. प्लेयेल या दुसऱ्या पेढीने साधी यंत्रणा ठेवली. त्याचा आवाज झाकलेला आणि बोटाच्या दाबाला फार हळवा. प्रकृती बरी नसली की शोपाँ एरार पसंत करी आणि बरी असली की प्लेयेल, अशी आठवण सांगितली जाते. या दोन वाद्यांना ‘जुना पियानो’ या एकाच टोपलीत टाकणे म्हणजे सारंगी आणि दिलरुबा एकच समजण्यासारखे आहे.

तरीही मुद्रणांत हे सर्रास होते. पियानोवादक एमॅन्युएल ॲक्सने कंडक्टर चार्ल्स मॅकेरासबरोबर शोपाँचे कॉन्चेर्टो वाजवले ते 1851 च्या एरारवर. वॉर्सातल्या संस्थेने फ्रान्स ब्रुगेनच्या ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एटीन्थ सेंच्युरी’सोबत डांग थाय सोन आणि नेल्सन गोर्नर यांची मुद्रणे काढली ती 1849 च्या एरारवर. वादन दोन्हीकडे उत्तम आहे. पण हे कॉन्चेर्टो 1829-30 चे, वॉर्सात लिहिलेले, पॅरिस पाहण्याआधीचे. वीस वर्षे हा पियानोच्या इतिहासात किरकोळ काळ नाही. त्या वीस वर्षांत लोखंडी कांबी आल्या, ताण वाढला, नमदा रुळला. 1849 चा एरार 1830 च्या शोपाँला जितका जवळचा तितकाच पुढच्या पिढीतल्या ब्राम्सलाही. जुने आहे म्हणजे त्या काळाचे आहे, हा हिशेब चुकीचा.

योग्य वाद्य मिळत नाही ही सबब आता चालणार नाही. चेक प्रजासत्ताकातल्या दिविशोव्ह गावी काम करणारे पॉल मॅकनल्टी ग्राफच्या, 1830 च्या प्लेयेलच्या आणि वॉर्सातल्या बुखहोल्ट्सच्या पियानोंच्या प्रतिकृती बनवतात. यांतला बुखहोल्ट्स शोपाँच्या तरुणपणीच्या वॉर्साचा. त्याची प्रतिकृती शोपाँ संस्थेनेच करून घेतली आणि 2018 मध्ये जुन्या वाद्यांवरची पहिली शोपाँ स्पर्धा भरवली. रोनाल्ड ब्राउटिगामने मेंडेल्सोनचे कॉन्चेर्टो मुद्रित केले तेही मॅकनल्टीच्या प्लेयेल प्रतिकृतीवर.

इथे एक मत ठामपणे मांडायला हवे, आणि ते बऱ्याच संग्राहकांना रुचणार नाही. कॉन्चेर्टोसाठी मूळ जुना पियानो वापरू नये, प्रतिकृतीच वापरावी. एकट्या पियानोच्या मुद्रणात वादक वाद्याच्या कुवतीत राहू शकतो. कॉन्चेर्टोत समोर ऑर्केस्ट्रा असतो, वादक नकळत जोर लावतो आणि तोच तुकडा चाळीस वेळा वाजवला जातो. पावणेदोनशे वर्षांच्या लाकडी चौकटीला हा मार सोसत नाही. खुंट्यांचा ठोकळा सैल होतो, ध्वनिफलकाला चीर पडते, चामडे घट्ट होऊन आवाज काचेसारखा होतो. मग दुरुस्ती येते, आणि दुरुस्ती म्हणजे पुरावा पुसणे. मूळ तारा काढल्या की त्यांची जाडी आणि धातू यांची माहिती गेली. हातोड्यांचे चामडे बदलले की मूळ आवाज कसा होता हे सांगणारा शेवटचा साक्षीदार गेला. त्यातून पुष्कळदा नव्या पोलादी तारा चढवतात. जुनी तार कमी कार्बनच्या मऊ लोखंडाची, तिचा आवाज वेगळा आणि तुटण्याची हद्दही वेगळी. पोलाद चढवलेला 1840 चा पियानो मूळ कमी आणि प्रतिकृती जास्त असतो, आणि प्रतिकृती म्हणूनही तो वाईट असतो. संग्रहालयांनी आपले पियानो मोजायला, क्ष-किरणांखाली तपासायला, कारागिरांना अभ्यासायला खुले करावेत. मुद्रणासाठी पैसे द्यायचे तर ते नवी प्रतिकृती घडवायला द्यावेत.

आता ऑर्केस्ट्राकडे. इथे तारा आतड्याच्या, म्हणजे आपल्याकडे सारंगीला लागते तीच तात. व्हायोलिनची सगळ्यात वरची तारही आतड्याची. ती पोलादी झाली विसाव्या शतकात. तातीचा आवाज पोलादी तारेपेक्षा लहान, पण त्याला खरखरीची एक बारीक किनार असते, त्यामुळे तो हळू वाजला तरी स्पष्ट कळतो. ही किनारच इथे कामाची, कारण तंतुवाद्ये खरोखर हळू वाजवू शकतात आणि तरी धूसर होत नाहीत. नगाऱ्यांवर वासराचे कातडे आणि कडक टोकाच्या काठ्या असल्या की ठोका नेमका पडतो, गुरगुर मागे उरत नाही. लाकडी बासरी, बॉक्सवुडची क्लॅरिनेट, अरुंद नळीचा ट्रॉम्बोन: प्रत्येकाचा आवाज आजच्यापेक्षा बारीक आणि एकमेकांपासून जास्त वेगळा.

संख्या तर याहून महत्त्वाची. आजच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात तंतुवादकच साठ असू शकतात. ब्राम्सने आपला दुसरा कॉन्चेर्टो ज्या माइनिंगेनच्या ऑर्केस्ट्रासोबत वाजवला तो सगळा मिळून पन्नासच्या आत होता. शोपाँच्या कॉन्चेर्टोचा ऑर्केस्ट्रा नीट बांधलेला नाही, पोकळ आहे, ही टीका शंभर वर्षे चालली. त्याचे वाद्यलेखन ‘सुधारून’ देणारेही निघाले. पण पातळ मांडणी ही चूक आहे की हिशेब, हे साठ तंतुवादक आणि स्टाइनवे घेऊन ठरणार कसे? ई मायनर कॉन्चेर्टोच्या रोमान्समध्ये व्हायोलिनांना म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून वाजवायला सांगितले आहे. बुखहोल्ट्सजवळ ठेवा, आठ व्हायोलिन पुरे होतात आणि म्यूट का हवा तेही कळते. स्टाइनवेजवळ तोच म्यूट नुसता शिष्टाचार वाटतो.

शुमानचा ए मायनर कॉन्चेर्टो (पहिले वादन ड्रेस्डेन, 4 डिसेंबर 1845, पियानोवर त्याची पत्नी क्लारा) यापुढचा दाखला. पहिल्या भागात ए फ्लॅटमधला संथ तुकडा येतो, तिथे पियानो आणि क्लॅरिनेट बोलू लागतात. आजच्या पियानोसमोर क्लॅरिनेटवाल्याला फुंक वाढवावी लागते किंवा पियानोवादकाला हात आखडावा लागतो. संवाद दोघांच्या सौजन्यावर चालतो. मधल्या इंटरमेझोत चेलो गातात आणि पियानो त्यांच्या भोवती नक्षी काढतो. जुन्या वाद्यांवर नक्षी नक्षीच राहते. आंद्रेआस श्टायरने हा कॉन्चेर्टो फिलिप हेरेवेखेसोबत व्हिएन्नाच्या श्ट्रायखर पियानोवर वाजवला, अलेक्सांडर मेल्निकोव्हने पाब्लो एरास-कासादोसोबत 1837 च्या एरारवर. इथे दोन्ही निवडी पटतात, कारण क्लाराचा दोन्ही परंपरांशी परिचय होता. आणि दोन्ही ऐकल्यावर जो फरक जाणवतो तो ‘जुना विरुद्ध नवा’ या भांडणापेक्षा शिकवून जातो.

मग स्वराची पट्टी. ए हा स्वर म्हणजे सेकंदाला 440 कंपने (हर्ट्झ) हे आजचे प्रमाण. फ्रान्सने 1859 मध्ये 435 ठरवले, त्याआधी शहरागणिक पट्टी वेगळी. मुद्रणात बहुधा 430, 435 किंवा 438 धरतात, आणि हा निर्णय पियानोवाल्याच्या हातात नसतो. लाकडी वाद्यांची भोके ज्या पट्टीला पाडली तिथेच ती सुरात वाजतात. एखाद-दुसऱ्या हर्ट्झच्या पलीकडे खेचली की त्यांचे आतले स्वर एकमेकांशी बिघडतात. म्हणून पियानोला त्यांच्याकडे जावे लागते. 440 वरून 430 म्हणजे साधारण 40 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), पाव सुराला थोडे कमी. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो साडेचार टक्क्यांनी उतरतो. लाकडी चौकट हे लगेच स्वीकारत नाही. आज लावलेला पियानो उद्या वर सरकलेला असतो, कारण ताण सुटल्यावर चौकट सावकाश मोकळी होते. पियानो सभागृहात किमान तीन दिवस आधी पोचावा, रोज एकदा पूर्ण लावावा आणि मुद्रणाच्या सकाळी फक्त किरकोळ हात फिरवावा. आदल्या रात्री ट्रकमधून उतरवून सकाळी दहाला पहिला टेक, हे वेळापत्रक ज्याने आखले त्याने ट्यूनरला विचारलेले नसते.

हवेचा खेळ याहून वाईट. सभागृह एक अंश तापले तर हवेतल्या ध्वनिवेगाच्या हिशेबाने फुंकवाद्यांचा सूर साधारण तीन सेंट चढतो. त्याच उष्णतेने पियानोच्या तारा ढिल्या होऊन सूर उतरतो. दमटपणा वाढला की ध्वनिफलक फुगतो आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो, पण खालची-वरची टोके तितकी हलत नाहीत. म्हणजे पियानो स्वतःशीच बेसूर होतो. तातीही ओल शोषून भरकटतात. सारंगिये पावसाळ्यात काय सोसतात ते आठवा आणि त्याला तीस वादकांनी गुणा. तापमान 19-20 अंश, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, दिवे थंड, आणि वातानुकूलन यंत्र टेकच्या वेळी बंद करावे लागत असेल तर टेक छोटे. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला पियानोचा ए मुद्रित करून ठेवावा. सकाळचा आणि संध्याकाळचा टेक यांत चार-पाच सेंटचा फरक पडला तर जोडाच्या जागी कान अडखळतो, आणि संगणकाने पियानोचा सूर सरकवायला जावे तर हातोडीचा टोकदार आरंभच बोथट होतो.

आता माइक. मुख्य माइकांची जोडी किंवा त्रिकूट ऑर्केस्ट्रासमोर उंचावर असते. जुना पियानो हळू, म्हणून त्याच्याजवळ आणखी दोन माइक ठेवतात. इथवर हरकत नाही. पियानोजवळचा माइक मुख्य माइकांपासून आठ मीटरवर असेल तर आवाज त्याच्यात 23 मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढा विलंब दिला नाही तर पियानो श्रोत्याच्या मांडीवर येऊन बसतो आणि ऑर्केस्ट्रा शेजारच्या खोलीत जातो. विलंब देऊनही जवळच्या माइकचे प्रमाण वाढवत नेले तर यंत्रणेची टकटक, डँपर (तारेचा आवाज थांबवणारी गादी) उचलल्याचा सुस्कारा, पेडलचा लाकडी आवाज वर येतो. पुष्कळ मुद्रणांत हाच खडखडाट ‘अस्सलपणा’ म्हणून खपवला जातो. मैफलीत पाचव्या रांगेतल्या माणसाला डँपर ऐकू येत नसत.

उपाय माइकच्या आधी करायचे असतात. सभागृह लहान निवडावे. रिकामे असताना प्रतिध्वनी दोन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळत असेल तर तो हॉल या कामाचा नाही, कारण तिथे टोकदार आरंभ वितळतो. पियानोचे झाकण काढून तो वादकांच्या मध्ये घुसवण्याची पद्धत नजरानजरेला सोयीची, पण आवाज छताकडे जातो आणि मग माइक वाढवावाच लागतो. झाकण उभे ठेवून पियानो पुढे आणि ऑर्केस्ट्रा त्याच्या मागे अर्धवर्तुळात हे बरे. एकल वादनाच्या जागी तंतुवादक कमी करावेत, प्रत्येक गटातून पहिल्या बाकापुरते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या छापील सुट्या प्रतींत ‘सोलो’ (एकल) आणि ‘तुत्ती’ (सगळे) अशा खुणा असतात. त्या वादक कमी करायला होत्या की नुसत्या सावध करायला, यावर वाद आहे, पण करून पाहायला बंदी नाही. एवढे केल्यावर जवळचा माइक मुख्य आवाजाच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवून फक्त स्पष्टतेपुरता वापरता येतो. तरीही एखाद्या जागी पियानो बुडाला तर बुडू द्यावा. संगीतकाराने तिथे त्याला बुडवलेले असण्याची शक्यता खूप आहे.

यावरचा वजनदार आक्षेप असा: संगीतकारांना मोठा आवाज हवाच होता. लिस्टने पियानो मोडले, ब्राम्सने नव्या पियानोंना नाके मुरडली नाहीत, शोपाँनेही दुसऱ्या मैफलीला मोठा पियानो आणला. खरे आहे. पण शोपाँने आणलेला मोठा पियानोही लाकडी चौकटीचाच होता. ‘त्यांना आणखी हवे होते’ यातून ‘आज आहे ते सगळे हवे होते’ असे निघत नाही. ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो (हानोव्हर, जानेवारी 1859) घ्या. आंद्राश शिफने तो ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लाइटनमेंट’सोबत, कंडक्टर न घेता, 1859 च्या सुमाराच्या ब्लुथ्नर पियानोवर मुद्रित केला. तारा समांतर असल्यामुळे डाव्या हाताचे जाड स्वरसमूह सुटे सुटे ऐकू येतात. ब्राम्स खर्जात गिचमिड करतो ही तक्रार तिथे निम्मी तरी उरत नाही. मोठ्या आवाजासाठी पियानोने जी किंमत मोजली ती कळायला याहून चांगला पुरावा नाही.

उलट बाजूने, हा आग्रह कुठवर ताणायचा यालाही मर्यादा हवी. 1875 मध्ये बॉस्टनला हान्स फोन ब्यूलोने चायकोव्स्कीचा पहिला कॉन्चेर्टो प्रथम वाजवला तोवर लोखंडी चौकट आणि नमद्याच्या हातोड्या रूढ झाल्या होत्या. तिथे पियानो बदलून हाती फार लागत नाही. स्वरलिपीची आवृत्ती बदलून लागते. सुरुवातीचे जगप्रसिद्ध दणदणीत स्वरसमूह पहिल्या आवृत्तीत एकेक स्वर पसरत वाजवायचे होते, ठोकायचे नव्हते. जुना पियानो आणून नंतरची बदललेली आवृत्ती वाजवण्यात काय हशील? आधी प्रत तपासावी, मग पियानोच्या भाड्याचे बघावे.

वेष्टनावर काय छापावे हेही ठरवून टाकायला हवे. पियानो मूळ की प्रतिकृती, मूळ असेल तर तारा आणि हातोड्यांची आवरणे कधीची, ए कितीचा, प्रत्येक गटात तंतुवादक किती आणि एकल जागी किती, झाकण उघडे की काढलेले, पियानोजवळचा माइक वापरला का. सहा ओळींचा मजकूर आहे. सध्या तिथे कारागिराचे चरित्र असते.

आणि एवढे कोणी छापले नाही तरी कानाने तपासायला एक जागा आहे. शोपाँच्या एफ मायनर कॉन्चेर्टोच्या संथ भागात मध्येच तंतुवाद्ये थरथरत धरून राहतात, खाली डबल बेस तारा छेडतात आणि त्यावर पियानो दोन्ही हातांनी एकच ओळ सप्तकाच्या अंतराने बोलतो, नाटकातल्या स्वगतासारखी. त्या थरथरीची धास्ती वाटली, पियानोला तिच्यावरून बोलायला घसा ताणावा लागतो आहे असे जाणवले, तर माइकवाल्याने हात आवरला आहे. थरथर मागे कुठेतरी पडद्यासारखी लटकत असेल आणि पियानो निवांत असेल, तर खटका वर गेलेला आहे.